अर्ध्या ओढ्यापर्यंतचा कायदा

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी गार्थ वोझनक्राफ्टचा फोन आला. "मेलेरी, ये. मासे गेले," एवढंच बोलला आणि फोन ठेवून दिला.

मी पोचले तेव्हा तो तळ्याच्या काठावर जाळी घेऊन उभा होता. पासष्टीचा उंच माणूस, पण त्या सकाळी खांदे पार उतरले होते. ग्वेर्न ओढ्यातून पाट काढून त्याने तीन तळी भरली होती. तिथे तो ट्राउटची पिल्लं वाढवायचा आणि बोटभर झाली की आसपासच्या नद्यांत सोडायचा. आता ती सगळी पोटं वर करून तरंगत होती, कल्ले फाकलेले. पाण्यावर तपकिरी साय आली होती आणि वास ओळखीचा होता. शेणाचा.

"किती?" मी विचारलं.

"मोजायचं धाडस नाही झालं," तो म्हणाला. "तू बाटल्या भर. मी यांना काढतो."

बाटल्या भरणं हेच माझं काम. वेल्सच्या पाण्यात कुणी काही घाण सोडली तर ती शोधायची, पुरावा गोळा करायचा, कारवाई करायची. आमचे पाण्याचे, शेणाचे, शेतीचे नियम आता आमच्या राजधानीत, कार्डिफला ठरतात, इंग्लंडचे लंडनला. ग्वेर्नला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. सरहद्द त्याच्या ऐन मध्यातून जाते. आमच्या काठावर तो ग्वेर्न, पलीकडे त्याचंच नाव ऑल्डर. दोन्ही नावं एकाच झाडाची, फक्त एक वेल्शमधलं, दुसरं इंग्रजीतलं.

मी पाण्यातून चालत वर निघाले. अर्ध्या मैलावर दिसलंच. पलीकडच्या उतारावरच्या गवतात टँकरच्या चाकांचे खोल चर उमटले होते आणि एका चरातून शेणाचा काला, म्हणजे स्लरी, हळूहळू ओढ्यात उतरत होता. ते शेत मला पाठ होतं. एलुनेड बेबचं. तिचं घर, गोठा, ऐंशी गाई वेल्समध्ये आणि ओढ्यापलीकडचं हे एकच शेत इंग्लंडमध्ये. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'इंग्रजाचं वावर' म्हणतात.

मी ओढ्याच्या मध्यावर थांबले. आणखी दोन पावलं टाकली असती तर त्या चरापाशी पोचले असते. पण तिथून भरलेल्या बाटलीला कोर्टात काडीची किंमत नव्हती. माझा कायदा अर्ध्या ओढ्यापर्यंतच.

पलीकडच्या कचेरीला फोन लावला. तिथल्या मुलीने सगळं नीट लिहून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "सोमवारी माणूस पाठवतो."

"सोमवारपर्यंत पाऊस सगळं धुऊन नेईल हो!"

"तुमची तक्रार नोंदवली आहे, बाई."

माझ्याकडे एका जुन्या यादीत त्यांच्या एका माणसाचा नंबर होता, डेस्मंड टफ्लीचा. कधी भेटले नव्हते. लावला. तो दोन तासांत आला, आणि येताना एकटाच पुटपुटत आला. अठ्ठावन्न वर्षांचा, गोल, कानटोपी घातलेला.

"तूच का ती फोनवाली?" त्याने पलीकडून ओरडून विचारलं. "मी आज सुट्टीवर आहे, माहितीय? बायकोच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं."

"मग राग आला असेल ना?"

"आला असता. पण तिच्या हातचं तू खाल्लेलं नाहीस."

त्याने त्याच्या बाटल्या काढल्या. निळ्या झाकणाच्या. माझ्या पिवळ्या. त्याच्या इंग्लंडच्या प्रयोगशाळेत जाणार, माझ्या आमच्या. दोघांची मोजायची पद्धत वेगळी आणि घाण किती झाली की गुन्हा धरायचा, तो आकडाही वेगळा. पूर्वी एकदा अशाच प्रकरणात दोन अहवाल आले होते. एक म्हणत होता पाणी बरं आहे, दुसरा म्हणत होता वाईट. आरोपीच्या वकिलाने दोन्ही अहवाल न्यायाधीशासमोर धरले आणि प्रकरण हसण्यावारी गेलं.

डेस्मंडने कानटोपी मागे सारली. "तुझ्याकडे बादली आहे?"

"आहे."

"मग मधोमध ये. एकच बादली भरायची. त्यातूनच तुझ्या बाटल्या आणि त्यातूनच माझ्या. मग बघू कोण काय म्हणतं ते."

आम्ही दोघं गुडघाभर गार पाण्यात उभे राहिलो आणि एका बादलीतून बारा बाटल्या भरल्या. मग तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता त्या बाईकडे जाऊ. चहा तरी मिळेल."

एलुनेड बेब तेव्हा बहात्तर वर्षांची होती. रविवारच्या शाळेत तिने मला गाणी शिकवली होती, म्हणून लहानपणापासून माझी मावशी. तिने दार उघडलं, मला पाहून हसली. मी म्हणाले, "नमस्कार. तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

तिचं हसू तिथेच थांबलं. "आज 'तुम्ही' का गं? सरकारी कामाला आलीस वाटतं?"

मी मान डोलावली. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, मनुकांचा ब्रेड कापला, लोणी लावलं. मी शेताचं विचारल्यावर तिने काही लपवलं नाही.

"हो, टाकली की स्लरी. मंगळवारी. टाकी काठोकाठ भरली होती. तुमचा नियम म्हणतो जानेवारीच्या मध्यापर्यंत शेतात टाकायची नाही. मग गाईंना सांगू का, जानेवारीपर्यंत थांबा म्हणून? टँकरवाला म्हणाला, पलीकडे तारखेची अट नाही, फक्त हवामान बघून टाकायची. हवामान बघितलं. रेडिओवर कोरडं सांगितलं होतं."

"बुधवारी पाऊस पडला," डेस्मंड म्हणाला.

"ते रेडिओवाल्याला सांगा."

"बाई, आमच्याकडे तारीख नाही हे खरं, पण काळजी घ्यायची असते. त्या उतारावर, ओल्या जमिनीवर..."

"मी कुणाचा नियम मोडला ते सांगा," एलुनेड म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ताठ झाला होता. "इकडचा नियम इकडे पाळला. तिकडचा तिकडे. आणखी कुठला देश राहिलाय का?"

मी म्हणाले, "गार्थचे मासे मेले. सगळे. तिन्ही तळ्यांतले."

तिच्या हातात चहाची किटली होती. तिने ती खाली ठेवली, अगदी सावकाश. डेस्मंडनेही ब्रेड ताटलीत परत ठेवला.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

कोण सांगणार? गार्थ आणि ती अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. जिल्ह्याच्या जत्रेत तो मेंढ्यांचा परीक्षक होता आणि त्याने तिच्या मेंढ्याला तिसरं बक्षीस दिलं होतं. एवढंच. पण आमच्या खोऱ्यात एवढं पुरतं.

बाटल्यांच्या दोन्ही अहवालांत घाण निघाली, आकडे मात्र वेगळे, आणि पुढचे दोन महिने कागद इकडून तिकडे फिरले. माझे साहेब म्हणाले, "मासे आपले, पण टँकर त्यांच्या हद्दीत चालला. त्यांनी खटला भरावा." डेस्मंडचे साहेब म्हणाले, "टँकर आमच्या हद्दीत, पण नुकसान त्यांचं. त्यांनी भरावा." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनीही हात वर केले. जानेवारीत साहेबांनी मला फाइल बंद करायला सांगितलं.

मी ते सांगायला गार्थकडे गेले. तिन्ही तळी त्याने उपसून कोरडी ठेवली होती. तो कोरड्या तळ्यात उतरून फावड्याने गाळ काढत होता.

"परत भरणार ना?" मी विचारलं.

"कशाला? पुढच्या नोव्हेंबरात परत हेच. मी विकायला काढतोय."

"खटला व्हायला हवा होता. मला वाईट वाटतं, गार्थ."

तो फावड्यावर रेलला. "खटला घेऊन काय करू मी? एलुनेडला शिक्षा होऊन माझं पाणी स्वच्छ होणार आहे का? मला पाणी पाहिजे, मेलेरी. वर्षाचे बाराही महिने. ते तुमच्या दोन कचेऱ्यांपैकी कोण देणार ते सांग, मी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो."

घरी जाताना मी रस्त्यात गाडी थांबवली आणि डेस्मंडला फोन केला. गार्थ जे बोलला ते सगळं सांगितलं.

"मी पण फाइल बंद करणारच होतो," तो म्हणाला. "पण त्याआधी एक गोष्ट वाचली. आपण दोघं ओढ्याच्या काठांचे नियम वाचत बसलो. पण नदीखोऱ्याचा एक आराखडा असतो ना, तो बघितलास?"

"तो जाडजूड? कोण वाचतं तो?"

"मी. बायकोची बहीण आली होती, मी खोलीत दार लावून बसलो होतो. ऐक. ज्या खोऱ्यातून सरहद्द जाते, त्याचा आराखडा एकच. दोन्ही कचेऱ्यांनी मिळून करायचा आणि मिळून पाळायचा. कायद्यातच आहे. म्हणजे काठ दोन असतील, पण खोरं एक आहे. मग त्या बाईचं शेतही एकच धरू. एकच कागद करू."

पहिल्यांदाच मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

कागद करायला आम्हाला सहा आठवडे लागले. मजकूर अर्ध्या पानाचा होता. दोन्हीकडच्या नियमांपैकी जो जास्त कडक, तो सगळ्या शेताला लागू. बंद महिन्यांत ओढ्याच्या कुठल्याच काठावर स्लरी टाकायची नाही. दोन्ही काठांना बारा पावलं रुंद पट्टा झाडांसाठी सोडायचा. नमुना एकाच बादलीतून घ्यायचा, एकाच पद्धतीने मोजायचा आणि दोन्ही प्रयोगशाळांनी तो मानायचा. आणि आम्हा दोघांपैकी कुणीही, कुठल्याही काठावर, केव्हाही पाय ठेवू शकेल, एलुनेडच्या परवानगीने. हे सगळं पाळलं तर खटला नाही. मोडलं तर दोन्ही कचेऱ्या मिळून खटला भरतील.

खरा त्रास मजकुराचा नव्हता. माझ्या साहेबांनी विचारलं, कागदावर शिक्का कुणाचा वर? डेस्मंडच्या साहेबांनी विचारलं, असा नमुना फॉर्म आहे का? नव्हता. वेल्समध्ये सरकारी कागद दोन्ही भाषांत लागतो आणि डेस्मंडच्या कचेरीतलं यंत्र वेल्शमधल्या, डोक्यावर टोपीसारखी खूण असलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं छापायचं. एका मसुद्यात एलुनेडच्या शेताच्या नावात सलग तीन प्रश्नचिन्हं आली. डेस्मंडने ते मला वाचून दाखवलं, "इथे तुमच्या भाषेत बाई शंका घेतेय का?" शेवटी शिक्के शेजारी शेजारी मारायचे ठरले आणि अक्षरांच्या टोप्या त्याने हाताने, शाईने काढल्या. एकूण त्रेचाळीस.

एलुनेडने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "सही करते. पण एक अट. गार्थने समोर बसायला हवं."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही गावच्या सभागृहात जमलो. खुर्च्या गार होत्या, हीटर नुसता आवाज करत होता. गार्थ आला आणि कोट न काढता दाराजवळच बसला. एलुनेड उठून त्याच्या समोर गेली.

"तुझे मासे मी मारले," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं, पण मारले मीच. इकडचे नियम, तिकडचे नियम, मी सगळं बोलून बघितलं, त्याने ते जिवंत होत नाहीत. पहिल्या वर्षीची पिल्लं मी भरून देणार."

गार्थने कोटाची कॉलर नीट केली. मग म्हणाला, "आणि पाणी?"

"ते या कागदात आहे. वाच."

त्याने चष्मा लावला, कागद वाचला. अर्ध्या पानाला त्याने पाव तास घेतला. "टाकीचं काय? बंद महिने पाळायचे तर तुला दुप्पट टाकी लागेल."

"बांधतेय. पायाभरणी झाली की दिसेल."

"हं." त्याने कागद परत दिला. "एलुनेड, तो मेंढा तिसराच होता बरं का."

"त्याची पाठ बघितली होतीस तू?"

"बघितली होती. म्हणूनच तिसरा. नाहीतर चौथा होता."

मला वाटलं, आता संपलं सगळं. पण एलुनेड खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. गार्थ कोट काढू लागला. डेस्मंडला आमच्या भाषेतलं एक अक्षर कळलं नव्हतं. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काय झालं? फिसकटलं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही पेन काढा."

सही करणं सोपं असतं. पुढचा हिवाळा भयंकर ओला गेला. नवी टाकी बांधून झाली होती, पण पावसाचं पाणीही तिच्यातच उतरत होतं आणि डिसेंबरच्या मध्यावर ती भरायला वीतभरच उरली. त्या दिवशी एलुनेडचा फोन आला.

"टँकरवाला दारात उभा आहे. म्हणतो, पलीकडे दोन फेऱ्या टाकू, कोण बघतंय? मेलेरी, खरं सांगू का, मी हो म्हणणार होते. तोंडात आलं होतं."

"मग?"

"मग त्याला म्हटलं, थांब, आधी पोरीला विचारते. आता तू सांग, मी काय करू? पोहरे भरून घरात ठेवू?"

मी डेस्मंडला फोन केला, दोघांनी कागद पुन्हा वाचला. नियम करताना आम्ही 'टाकायची नाही' एवढंच लिहिलं होतं. भरली तर कुठे न्यायची, हे कुणी लिहिलंच नव्हतं. मी साहेबांना विचारलं, त्यांनी लेखी विचारा म्हणून सांगितलं. म्हणून मी गार्थला फोन केला. त्याच्या तळ्यांत नवी पिल्लं आली होती. पहिला धोका त्यालाच होता.

तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पलीकडे वरच्या अंगाला माझा मावसभाऊ आहे. त्याने गाई विकल्या, पण टाकी तशीच आहे. झाकणासकट. रिकामी."

"इंग्लंडमध्ये?"

"टाकीला कुठे पासपोर्ट लागतो का? तुमच्या कागदात काही आडवं येतं का ते तू बघ."

मी बघितलं. साठवायला कागदाची हरकत नव्हती. डेस्मंडने त्याच दुपारी जाऊन ती टाकी गळत नाही ना हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर खरोखरच सरहद्द ओलांडून पलीकडे गेला, फेऱ्यांवर फेऱ्या करत. मात्र शेतात थेंबही पडला नाही. पुलावर गार्थ उभा राहून प्रत्येक फेरीला हात करत होता. ड्रायव्हर मला नंतर म्हणाला, "तो म्हातारा राखण करत होता की टाटा करत होता, कळलंच नाही."

मार्चमध्ये आम्ही नमुने घेतले. पाणी एकदम आरशासारखं झालं असं मी सांगणार नाही. वरच्या अंगाला अजून शेतं होती, कोंबड्यांच्या शेड होत्या. पण आमच्या पट्ट्यात घाणीचा आकडा निम्म्यावर आला होता आणि दोन्ही प्रयोगशाळांचा आकडा एकच होता. डेस्मंडने तो दोनदा वाचला आणि कानटोपी काढून डोकं खाजवलं. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा," तो म्हणाला, "माझं आणि वेल्सचं एकमत झालंय."

त्या उन्हाळ्यात वरच्या दोन शेतकऱ्यांनी कागद मागितला. एक आमच्या बाजूचा, एक त्यांच्या. त्यांना पटवायला मी गेले नव्हते, एलुनेड गेली होती. पुढच्या वर्षी सात झाले. तिघे अजून नाही म्हणतात. त्यातला एक मला बघितलं की फाटक लावून घेतो. डेस्मंड निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेली मुलगी वेल्श शिकते आहे आणि त्यांच्या यंत्रात आता टोप्या उमटतात.

गेल्या महिन्यात उत्तरेकडच्या दुसऱ्या एका खोऱ्यातून पत्र आलं. तिथेही नदी मधून जाते, तिथेही दोन नियम, दोन कचेऱ्या, आणि चार वर्षं चाललेलं भांडण. त्यांना आमचा कागद बघायचा होता. मी पाठवते म्हणाले, तर एलुनेड म्हणाली, "पाठवून काय होणार? कागद वाचून कुणी बदलतं का? चल, जाऊन येऊ."

ती आता पंचाहत्तरची आहे. बुधवारी सकाळी मी तिच्या दारात गाडी लावली. ती नवा कोट घालून तयार होती आणि मागच्या सीटवर गार्थ आधीच बसला होता.

"हा पण येतोय?" मी विचारलं.

"त्यांना मासेवाला पण बघू दे," ती म्हणाली. "नुसत्या गायवालीचं ऐकून कोण विश्वास ठेवील? आणि तिथे मी बोलणार आहे, मेलेरी. तू सरकारी भाषेत सुरू झालीस की लोक झोपतात."

"माझी झोप तर आत्ताच लागतेय," गार्थ मागून म्हणाला. "निघा आता. दोन तासांचा रस्ता आहे."

मी गाडी सुरू केली. पुलावर पोचेपर्यंत ती दोघं, आधी कुणी बोलायचं, यावरून भांडायला लागली होती.